आवक क्रमांक चारशे सतरा

"बाई, एवढा शिक्का मारून द्या ना. नाटकासाठी आहे," असं म्हणून तेजल देवरेने माझ्या टेबलावर कागद ठेवला आणि मी चष्मा लावला.

मी कॉलेजच्या आवक-जावक टेबलाची बाई. बोरसे बाई म्हणून सगळा तालुका ओळखायचा. सत्तावीस वर्षं एकाच खुर्चीत काढली. तीन प्राचार्य आले नि गेले, खुर्ची तीच. बाहेरून कागद आला की वाचायचा, रजिस्टरात त्याचा विषय लिहायचा, नंबर टाकायचा आणि शिक्का मारायचा. लोकांना वाटतं शिक्का मारणं म्हणजे नुसता हात वर-खाली करायचा. मी मात्र न वाचता एकही शिक्का मारला नाही. आमचे प्राचार्य निकुंभ साहेब न वाचताच सह्या करायचे, तेव्हा ऑफिसात कुणीतरी वाचणं भागच होतं.

तर तो कागद मी वाचला. मग चष्मा पुसून परत वाचला. दोनदा का वाचला ते सांगते, पण जरा दमानं घ्या.

वर लिहिलं होतं, 'प्रति, मा. अध्यक्ष, महिला तक्रार समिती.' विषय, प्रा. सत्यशील यांच्या वर्तनाबाबत. खाली एका मुलीने लिहिलं होतं की नागपंचमीच्या सुट्टीत सरांनी तिला एकटीला तालमीसाठी नकाशांच्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं, आणि हात धरला तो सोडला नाही. समोर भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा होता. तिला ओरडायला सुचलं नाही. ती नकाशावरच्या नद्यांची नावं वाचत राहिली. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा. पांझरेपर्यंत पोचली तेव्हा बाहेर कुणाची तरी सायकल वाजली आणि सर बाजूला झाले.

"हे कुणी लिहिलं?" मी विचारलं.

तेजल म्हणाली, खैरनार सरांनी. त्यांच्या नव्या एकांकिकेतलं पत्र आहे, ती मुलगी मी करते, मी फक्त माझ्या अक्षरात उतरवून घेतलं. सर म्हणालेत, स्टेजवरच्या कागदाला ऑफिसचा खराखुरा शिक्का पाहिजे.

आता खैरनार सर कोण, तेही सांगायला हवं. प्रा. दिगंबर खैरनार, मराठी विभागप्रमुख. स्वतःच्या लेटरहेडवर स्वतःच 'नाट्यमहर्षी' छापून घेतलेला माणूस. खांद्यावर शबनम, गळ्यात मफलर, तोही मे महिन्यात, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायची सवय, जणू तिथे प्रेक्षक बसलेत. दरवर्षी ते जिल्ह्याच्या एकांकिका स्पर्धेला नाटक न्यायचे आणि दरवर्षी उत्तेजनार्थ बक्षीस घेऊन परत यायचे. त्याच्या आदल्या वर्षी तर तेही हुकलं होतं. नाटकात सीमेवरच्या मुलाचं पत्र आईला येतं असा प्रसंग होता. पहिल्या रांगेतल्या परीक्षकाने नंतर माईकवर सांगितलं की आई कोरा कागद वाचून रडत होती, आम्हाला पाठीमागून दिवा असल्यामुळे स्वच्छ दिसलं. अख्ख्या हॉलमध्ये हशा पिकला. तेव्हापासून सरांनी पणच केला की स्टेजवर आता प्रत्येक वस्तू खरी. खरी किटली, खरा खडू, खरा हार. मग खरा शिक्का ओघानेच आला.

नव्या नाटकाचं नाव 'फळा पुसला तेव्हा'. गोष्ट अशी की प्रा. सत्यशील नावाचे एक देवमाणूस प्राध्यापक असतात. त्यांच्याकडे नापास झालेली एक मुलगी सूड म्हणून त्यांच्यावर खोटी तक्रार करते. गाव थुंकतं, बायको माहेरी जाते, सर मात्र एक शब्द बोलत नाहीत, फक्त फळा पुसतात. तिसऱ्या प्रवेशात मुलीला पश्चात्ताप होतो, ती सरांच्या पायावर पडते, सर म्हणतात "ऊठ, पोरी", आणि निळा प्रकाश. मी वही बघितली होती. मुलीला सगळी मिळून अकरा वाक्यं, त्यातली सहा 'मी चुकले, सर'.

तालमी बघायला स्टाफ जायचा. पहिल्याच तालमीला अर्थशास्त्राच्या सरांना हुंदका आवरेना. वाणिज्यच्या दोघांनी तर उद्या आपल्यावरही असाच अन्याय होईल या नुसत्या विचारानेच रुमाल काढले. नाटक फार वास्तववादी आहे असं सगळ्यांचं मत पडलं.

प्राध्यापकाचं काम करणारं पोरगं बी.कॉम.चं होतं. केसांना पावडर लावून म्हातारं केलेलं. खैरनार सरांचं म्हणणं, त्याला अजून ती उंची गाठता येत नाही, तोवर पायावर पडायचा प्रसंग तेजलने माझ्यासमोर करावा, मी सत्यशील करतो. म्हणून दर रविवारी दुपारी वेगळी तालीम. जागा, भूगोल विभागाची नकाशांची खोली. चावी माझ्याकडे खुंटीला असायची. शनिवारी दुपारी सर चावीच्या वहीत सही करून न्यायचे, सोमवारी सकाळी आणून द्यायचे. कारणाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहायचे, 'तालीम'.

"रविवारी तालीम कशी चाललीय?" मी तेजलला विचारलं.

ती खुंटीकडे बघत होती. म्हणाली, बाई, मी पायावर पडते, सर उठवतात, आणि उठवल्यावर हात सोडत नाहीत. म्हणतात भावना अजून आत उतरत नाहीये, परत. मागच्या रविवारी तेरा वेळा परत. एवढं सांगून ती माझ्या टेबलावरची टाचणी उचलून कागदाच्या कोपऱ्याला टोचत राहिली. नाटक सोडून का देत नाहीस, हे मी विचारलं नाही, कारण मला ठाऊक होतं. अंतर्गत वीस गुण सरांच्या हातात. शिवाय तिच्या वडिलांनी बारावीनंतर लग्न ठरवलं होतं, ते मोडून तिला कॉलेजात घालायला लावलं ते याच सरांनी, घरी जाऊन, चहा पिऊन. आता सरांविरुद्ध ब्र काढला तर वडील म्हणणार, झालं शिक्षण, चल घरी. येत्या रविवारी परत जायचं होतं. तिच्यापुढे प्रश्न एवढाच होता, की जायचं की शिक्षण सोडायचं.

मी रजिस्टर पुढे ओढलं.

"हे बघ तेजल," मी म्हटलं, "माझ्याकडे खोटा शिक्का नाही. एकच आहे, तो खरा. तो बसला की नोंद खरी होते. नंबर पडतो, कागद साहेबांच्या टपालात जातो. आणि अर्जदाराचं नाव मला पटावरचं लागतं. तुमच्या नाटकातली अनुराधा आपल्या कॉलेजात शिकत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. पोरगी हुशार. मी एक शब्द जास्तीचा बोलले नव्हते आणि तिने एक शब्द जास्तीचा विचारला नाही.

"सरांनीच सांगितलंय, बाई, सगळं खरं पाहिजे म्हणून," ती म्हणाली. खाली 'अनुराधा' लिहिलं होतं ते तिने एका रेघेने खोडलं आणि लिहिलं, तेजल नामदेव देवरे, द्वितीय वर्ष कला, हजेरी क्रमांक बावन्न.

"विचार कर."

"केला."

मी शिक्का मारला. आवक क्रमांक चारशे सतरा. मूळ अर्ज मी ठेवला आणि झेरॉक्सवर शिक्का मारून तिला पोच दिली, कारण अर्जदाराला पोच मिळते, मूळ मिळत नाही, हा नियम आहे. ती पोच घेऊन ती तालमीला गेली. नंतर कळलं, सरांनी खालचं नाव न वाचता नुसता तो शिक्का उजेडात धरून बघितला आणि खूश होऊन अख्ख्या ग्रुपला चहा पाजला.

आता आमच्या महिला तक्रार समितीचं सांगते. व्हरांड्यात तिचा मोठा फलक होता. खाली कुलूप लावलेली तक्रारपेटी, जिची किल्ली हरवलेली, आणि जिच्या फटीतून पालीने आत अंडी घातली होती. अध्यक्ष अहिरराव मॅडम, गृहशास्त्राच्या. स्वभावाने गरीब, कुणी मोठ्याने शिंकलं तरी माफी मागणाऱ्या. सदस्य म्हणून 'संवेदनशील लेखक' या नात्याने कोण, तर आपले खैरनार सर. बाहेरच्या सदस्य म्हणून अॅडव्होकेट संध्या कुवर यांचं नाव फलकावर होतं, पण त्यांना कुणी कधी बोलावलंच नव्हतं. दर मार्चमध्ये समितीचा वार्षिक अहवाल मी टाइप करायची. एकूण तक्रारी, निरंक. अकरा वर्षं निरंक. साहेब तो अहवाल भाषणात अभिमानाने वाचून दाखवायचे.

चारशे सतरा नंबर दुसऱ्या दिवशी टपालात गेला. साहेबांनी एकतीस कागदांवर सह्या केल्या आणि तेवढ्यात फोनवर मेहुण्याला जावई कसा निवडावा हेही सांगितलं. या कागदावर त्यांनी त्यांचा नेहमीचा शेरा मारला, 'संबंधित समितीकडे योग्य त्या कार्यवाहीस्तव.' समितीची लिपिक मीच. दुपारी नोटीस काढली, बैठक शनिवारी सकाळी अकरा वाजता, विषय अर्ज क्रमांक चारशे सतरा. सगळ्या सदस्यांच्या सह्या घेतल्या. खैरनार सरांनी तालमीच्या घाईत न बघताच सही ठोकली आणि मला म्हणाले, बोरसे बाई, नाटक बघायला या, डोळे उघडतील. कुवर बाईंना मी रजिस्टर पोस्टाने पाठवली. का म्हणाल, तर नियमात होतं म्हणून. आणि दुसरं कारण असं की एक तरी माणूस चहा-बिस्किटांपलीकडचं बघणारं असावं.

शनिवारी अकराला सगळे साहेबांच्या केबिनमध्ये जमले. मी कोपऱ्यात इतिवृत्ताची वही घेऊन. तेजल दाराबाहेर बाकावर. नेमक्या अकराच्या ठोक्याला कुवर बाई आल्या. जाड भिंगाचा चष्मा, हातात स्कूटरची किल्ली. बसतानाच म्हणाल्या, मला वाटलं होतं तुमची समिती बंद पडली असेल.

अहिरराव मॅडमनी अर्ज उघडला. खैरनार सरांनी वाकून बघितलं आणि खो-खो हसायला लागले.

"अहो, हे तर माझ्या नाटकातलं पत्र! कुणी आणलं इथे?"

मग सगळेच हसले. साहेबांचा जीव भांड्यात पडला. ते म्हणाले, बोरसे बाई, तुम्ही पण ना! नाटकाचा कागद टपालात घालता? घ्या, फाडून टाका, आणि अहवालात निरंकच राहू द्या. मी म्हटलं, नंबर पडलेला कागद फाडता येत नाही साहेब, समितीने निकाली काढावा लागतो. तर काढा, साहेब म्हणाले, आपल्याकडे सत्यशील नावाचा प्राध्यापकच नाही, प्रश्न मिटला. अहिरराव मॅडमनी मान डोलवली. बिस्किटांची बशी फिरली.

कुवर बाईंनी बशी पुढे सरकवली आणि अर्ज स्वतःकडे घेतला. सावकाश वाचला. मग त्यांनी विचारलं, अर्जदार आहे ना पटावर? मी म्हटलं, आहे, बाहेर बसलीय. "मग बोलवा," त्या म्हणाल्या.

तेजल आली. साहेबांनी समजावणीच्या सुरात विचारलं, काय गं, नाटकाचा अर्ज इथे कशाला दिलास, गंमत केली ना? खैरनार सर हसऱ्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होते. तो घरी चहा प्यायला येणारा माणूस, तो गुण देणारा माणूस.

"पत्र सरांनी लिहिलंय असं सर म्हणतात," ती म्हणाली. "नागपंचमीचं मला माहीत नाही. पण खोली तीच आहे आणि हात तसाच धरतात. रविवारी. मी उद्या जाणार नाही."

मग खैरनार सर उठले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. खरंच सांगते, टाळ्या. म्हणाले, बघितलंत? याला म्हणतात भूमिकेत शिरणं! तीन महिने मी हिच्यावर मेहनत घेतली, आता अनुराधा हिच्यातून बाहेरच पडत नाही. मोठमोठ्या नटांचं असं होतं. तिला काही बोलू नका, कसलेली कलावंत आहे, मी घडवलीय.

आणि काय सांगू, पटलं हो सगळ्यांना! साहेबांनी 'अच्छा अच्छा' म्हणून मान हलवली. अहिरराव मॅडम कौतुकाने तेजलकडे बघायला लागल्या, जणू तिने आत्ताच प्रवेश करून दाखवला. खरं बोललेल्या पोरीला चांगली नटी म्हणून मोडीत काढायचं, ही युक्ती नाटकवाल्यालाच सुचावी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कुवर बाई शांत होत्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही जरा या टेबलावरून उठून त्या समोरच्या खुर्चीत बसा. तुमचं नाव आलंय, तेव्हा आत्ता तुम्ही सदस्य नाही." सर म्हणाले, माझं कुठे, सत्यशीलचं आलंय. पण बसले. मग कुवर बाईंनी विचारलं, हे पत्र कुणी लिहिलं?

"मी," सर म्हणाले. "प्रत्येक शब्द माझा. लेखक आहे मी."

"नागपंचमी, नकाशा, नद्या?"

"सगळं माझं. कल्पनाशक्ती म्हणतात त्याला."

इथे माझं पेन थांबलं. आता सांगते मी तो कागद दोनदा का वाचला.

सहा वर्षांपूर्वी, नागपंचमीच्या तिसऱ्या दिवशी, ज्योत्स्ना माळी नावाची पोरगी माझ्या टेबलापाशी आली होती. गिरणाकाठच्या गावाची, एस.टी.ने यायची. हातात दुरेघी वहीचा फाडलेला कागद. तो मी वाचला होता. त्यात नकाशांची खोली होती, सायकल होती आणि त्या पाच नद्या होत्या, त्याच क्रमाने. माझं माहेर गिरणेचं, म्हणून तर त्या ओळी डोक्यात रुतून बसल्या. नाव मात्र सत्यशील नव्हतं, खैरनार होतं. आणि मी, ही न वाचता शिक्का न मारणारी बोरसे बाई, काय केलं असेल? मी तिला म्हटलं, अर्जावर तारीख नाही, असा अर्ज घेता येत नाही. ती म्हणाली, बाई, पेन द्या, आत्ता घालते. मी पेन दिलं नाही. म्हटलं, घरी जा, नीट विचार कर, तुझंच नाव खराब होईल. आणि ती गेल्यावर तो कागद मी खैरनार सरांच्या हातात दिला. म्हटलं, सर, तुमचं तुम्ही बघून घ्या. मला भीतीबिती वाटली नव्हती. दरवर्षी निरंक टाइप करून हात तसा वळला होता. ज्योत्स्ना दिवाळीनंतर परत आलीच नाही.

मी उठले. इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईने बोलायचं नसतं, पण उठले.

"हे पत्र सरांचं नाही," मी म्हटलं. "ज्योत्स्ना माळीचं आहे. सहा वर्षांपूर्वी तिने माझ्याकडे दिलं होतं. मी शिक्का मारला नाही. मीच ते सरांना नेऊन दिलं."

साहेब म्हणाले, बाई, बसा. मी बसले नाही. चावीची जुनी वही मी सकाळीच काढून पदराखाली घेऊन आले होते, ती उघडून कुवर बाईंसमोर ठेवली. नागपंचमीच्या आदल्या दिवशी, नकाशांची खोली, कारण तालीम, सही दि. खैरनार. चावी परत, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या वर्षी नागपंचमीला कसलंही नाटक बसत नव्हतं, हे कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं.

खैरनार सरांनी वहीकडे बघितलंही नाही. म्हणाले, बाईंचं वय झालंय, सामान आणायला नेली असेल चावी, आणि अशा कुठल्या मुलीचं पत्र मला आठवत नाही. सुटले असते हो ते. एक जुनी सही नि एका कारकुनाची आठवण, एवढ्यावर कोण काय करणार. साहेब तर घड्याळाकडे बघायला लागले होते.

कुवर बाईंनी चष्मा काढून पुसला. अगदी सहज म्हणाल्या, "असू दे. एवढंच लिहून घेऊ की पत्र मूळ ज्योत्स्ना माळीचं आणि सरांनी ते नाटकात उचललं. म्हणजे नाटकातला सगळ्यात चांगला भाग सरांचा नाही."

त्या माणसाचा चेहरा बघायला हवा होता. इतका वेळ हात धरल्याचा आरोप झाला तेव्हा टाळ्या वाजवणारा माणूस, कानशिलापर्यंत लाल झाला. उभाच राहिला.

"उचललं? मी? अहो, काय होतं त्या पोरीच्या कागदात? सुरुवात नाही, शेवट नाही, रडगाणं नुसतं! मी त्याचं साहित्य केलं! नद्या तेवढ्या तिच्या, बाकी सगळं माझं आहे!"

सरांना जरा उशिराच कळलं आपण काय बोललो ते. त्यांनी नेहमीसारखं सगळ्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघितलं, पण तिथे फक्त साहेबांचं कपाट होतं.

"बोरसे बाई," साहेब हळूच म्हणाले, "हे शेवटचं इतिवृत्तात घेऊ नका."

"घेतलं, साहेब."

मग एक नवल झालं. अहिरराव मॅडम, ज्यांनी अकरा वर्षांत एकही वाक्य पूर्ण केलं नव्हतं, त्यांनी पदराने डोळे टिपले, तेजलला आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, तुझे वीस गुण आता मी दुसऱ्या सरांकडे देते, आणि संध्याकाळी तुझ्या घरी येते. चहा मी पण पिऊ शकते.

त्या रविवारी नकाशांच्या खोलीची चावी माझ्या खुंटीवरच राहिली. सोमवारी सकाळी मी आधी ती बघितली, मग पंखा लावला. तेजलला अंतर्गतला वीसपैकी चौदा मिळाले. चौदा कमी पडले म्हणून ती माझ्याकडे येऊन कुरकुरली, आणि मला फार बरं वाटलं. पुढे बी.ए. झाली, बी.एड. केलं.

चौकशी पाच महिने चालली. नाटक स्पर्धेला गेलं नाही. स्टाफरूममध्ये बरेच दिवस हळहळ होती, की एवढा चांगला विषय होता, तालुक्याचं नाव झालं असतं. वाणिज्यच्या एका सरांनी मला विचारलं, बाई, एका कागदापायी केवढं केलंत? मी त्यांना विचारलं, तुमची रजेची नोंद दाखवू का? ते गेले. शेवटी संस्थेने अहवाल बघितला आणि सरांना समजावलं की राजीनामा दिलात तर आम्ही बाहेर बोलणार नाही. संस्थांचं शौर्य तेवढंच असतं. राजीनामा घेऊन सर स्वतः माझ्या टेबलावर आले. मफलर होता. मी चष्मा लावून कागद वाचला आणि त्यांना परत दिला.

"सर, तारीख राहिली."

त्यांनी खिसे चाचपले. पेन नव्हतं. मी माझं पेन दिलं.

त्याच आठवड्यात मी आणखी एक कागद काढला, समितीच्या परवानगीने. ज्योत्स्ना माळी, लग्नानंतरचं आडनाव निकम, मुक्काम पोस्ट गिरणेच्याच काठचं दुसरं गाव. पत्ता शोधायला मला तीन रविवार लागले. कागदावर लिहिलं की आपला अर्ज सहा वर्षांपूर्वी मिळाला होता, तो तेव्हा नोंदवला गेला नाही, चूक या कार्यालयाची. आज तो नोंदवला आहे, आवक क्रमांक सातशे तीन, सोबत पोच जोडली आहे. आपणास काही म्हणायचं असल्यास समिती ऐकून घेईल, आणि काही म्हणायचं नसल्यास तेही आपल्या मनावर. 'चूक या कार्यालयाची' या ओळीला साहेबांनी कच्च्या कागदावर गोल करून 'हे नको' म्हटलं होतं. मी ते 'चूक माझी' असं केलं आणि खाली माझी सही केली. पक्क्या कागदावर साहेबांनी नेहमीसारखी न वाचता सही केली.

रजिस्टर पोस्टाने पाठवलं, पोचकार्डासह. ती आली नाही, पत्रही लिहिलं नाही. मी वाट बघितली नाही असं म्हणणार नाही. रोज टपाल आलं की आधी गठ्ठ्यातून तेच शोधायची.

अकराव्या दिवशी ते गुलाबी पोचकार्ड परत आलं. मागे सही होती, ज्योत्स्ना निकम, अक्षर तेच, दुरेघी वहीतलं. सहीखाली तिने तारीख घातली होती. मोठ्या, ठसठशीत आकड्यांत, आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या.